प्रगती मैदान : साठ वर्षांच्या अटीत हरवलेली वास्तू

१/ दिल्लीच्या पुराना किल्ल्याशेजारी प्रगती मैदान आहे. सोळाव्या शतकातील हा किल्ला आज संरक्षित स्मारक आहे. त्याच्याजवळ स्वतंत्र भारताने उभारलेले 'हॉल ऑफ नेशन्स' हे प्रदर्शन-दालन मात्र अवघी ४५ वर्षे टिकले. असे का घडले, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/ १९७२ हे स्वातंत्र्याचे रौप्यमहोत्सवी वर्ष. त्या वर्षी येथे 'एशिया ७२' हे आंतरराष्ट्रीय व्यापार प्रदर्शन भरले. त्यासाठी आत एकही खांब नसलेले विशाल दालन हवे होते. वास्तुरचना राज रेवाल यांची, तर संरचना अभियंते महेंद्र राज यांची.

३/ असे दालन उभारायचे तर पोलादी दांड्यांची त्रिमितीय जाळी जोडणे ही रूढ पद्धत. भारतात तेव्हा पोलाद दुर्मीळ होते आणि मनुष्यबळ मुबलक. म्हणून ती जाळी काँक्रीटमध्ये घडवण्यात आली. तिचे तिरपे दांडे आणि सांधे मजुरांनी जागेवरच ओतले. टंचाईवर शोधलेला हा उपाय हेच या वास्तूचे ऐतिहासिक मोल.

४/ पुढे प्रगती मैदान दिल्लीच्या सार्वजनिक जीवनाचा भाग झाले. १९८० पासून १४ नोव्हेंबरला सुरू होणारा व्यापार मेळा आणि विश्व पुस्तक मेळा यांसाठी देशभरातून लोक येथे येत राहिले.

५/ मैदानाच्या पुनर्विकासात हे दालन पाडण्याचे ठरले. देशविदेशातील वास्तुरचनाकारांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयातही गेले. परंतु दिल्लीच्या वारसा संवर्धन समितीने ६० वर्षांहून कमी वयाच्या वास्तूंचा विचार होणार नाही, अशी भूमिका घेतली. एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत दालन जमीनदोस्त झाले.

६/ मोठ्या, आधुनिक संमेलन-केंद्राची गरज खरी होती. तेथे उभारलेल्या 'भारत मंडपम'मध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० शिखर परिषद झाली. मात्र वयाची अट आड आल्याने जुन्या दालनाचे मोल या गरजेच्या तुलनेत तोललेच गेले नाही. वास्तूला खरा धोका असतो तो याच काळात : ती गैरसोयीची वाटण्याइतकी जुनी झालेली असते, पण पूज्य ठरण्याइतकी नाही.

७/ स्वातंत्र्योत्तर पिढीने बांधलेली ग्रंथालये, नाट्यगृहे, बसस्थानके महाराष्ट्रातही आहेत. त्यांची छायाचित्रे, आराखडे आणि बांधणाऱ्यांच्या आठवणी आताच नोंदवायला हव्यात. साठ वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.