साच्यावरचा खोटा आळ

ठासणीच्या बंदुका हौसेने झाडणाऱ्यांचा अमेरिकेत आजही मोठा वर्ग आहे. यांतले बरेच जण शिशाच्या गोळ्या घरीच ओततात आणि त्यासाठी वाडवडिलांच्या पेटीतून किंवा लिलावातून आलेला जुना लोखंडी साचा वापरतात. न्यू हेवनच्या जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये काढलेल्या आयडियल कंपनीचे साचे त्यात विशेष मानाचे. ही कंपनी पुढे १९२५ मध्ये लायमनकडे गेली. आता अशा साच्यातून गोळी सुरकुतलेली निघाली, तिच्या बुडाची कड बोथट राहिली किंवा ती लंबगोल भरली, की निकाल ठरलेला असतो: शंभर वर्षांचा साचा, झिजला असणारच. मग तो भंगारात जातो, नाहीतर मालक घासपूड घेऊन त्याची पोकळी उजळायला बसतो. हे निदान बहुतेक वेळा चूक असते आणि घासपुडीचा उपाय तर साच्याच्या मुळावरच येतो.

पूर्वपक्षाला त्याचे श्रेय देऊ. वापराने हत्यार झिजते हे खरे. साच्यात हजारो वेळा तप्त धातू ओतला गेला आहे, हेही खरे. पण यावरून पोकळी झिजली असे म्हणणाऱ्याने झीज नेमकी कशाने होते ते सांगायला हवे, आणि तिथे गाडी अडते. वितळलेले शिसे लोखंडाला खात नाही. हे दोन धातू एकमेकांत जवळजवळ विरघळतच नाहीत, म्हणून तर शिसे वितळवायला पिढ्यान्‌पिढ्या बिडाचे भांडे चालत आले आहे. भांड्यात ते तासन्‌तास उकळीच्या खाली तापत राहते, साच्यात काही सेकंदांत गोठते. भांड्याला काही होत नाही आणि साचा मात्र झिजतो, हे कसे? घर्षण म्हणावे, तर शुद्ध शिशाची ब्रिनेल कठीणता पाचाच्या आसपास आणि बिडाची दीडशेच्या पुढे.

याहून मोठी अडचण तर्कातच आहे. पोकळी झिजली तर ती मोठी होईल, लहान नव्हे. म्हणजे झिजलेल्या साच्यातून गोळी जाड यायला हवी. तक्रारी मात्र उलट असतात: गोळी अपुरी भरली, कड आली नाही, माप कमी पडले. ज्या कारणाने गोळी फुगायला हवी, त्याच कारणाने ती खंगली असे म्हणणे म्हणजे वदतोव्याघात.

मग खरे कारण कोणते? इथे आपल्या नैयायिकांची अन्वय-व्यतिरेकाची कसोटी उपयोगी पडते. तोच साचा, तेच शिसे, तोच ओतणारा. सुरुवातीच्या गोळ्या सुरकुतलेल्या येतात आणि न थांबता ओतत राहिले की हळूहळू नितळ, भरीव गोळ्या पडू लागतात. मध्ये चहाला उठलात की पुन्हा सुरकुत्या. झीज काही चहाच्या वेळेपुरती येत-जात नाही. येते-जाते ती उष्णता. पहिले घावन तव्याला चिकटले म्हणून कोणी तवा टाकून देत नाही, तसाच हा प्रकार आहे. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि ओतताना ते साधारण ३७० ते ४३० अंशांपर्यंत तापवतात. गार लोखंडाला टेकताच त्याचा पुढचा थर गोठतो आणि मागून येणारा थर त्याच्याशी एकजीव होत नाही. सुरकुती म्हणजे या दोन थरांमधली सांध. उलट गोळी पांढुरकी, खरबरीत दिसू लागली, तर साचा जास्त तापला आहे. थोडे थांबावे, एवढेच.

दुसरा संशयित तेल. साचा ठेवणीत गंजू नये म्हणून त्याला तेल चोपडलेले असते आणि ते बिडाच्या छिद्रांत मुरते. ओतताना त्याची वाफ होते आणि ती शिशाला भिंतीपासून दूर लोटते. गोळीवर गुळगुळीत, गोलसर खळगे दिसले की तेल समजावे. गरम साबणाच्या पाण्याने किंवा स्पिरिटने साचा धुवावा आणि अगदी कोरडा करावा. पाण्याचा थेंब वितळलेल्या शिशात गेला तर ते अंगावर उडते. पुष्कळ जुने ओतारी पोकळीला मेणबत्तीची काजळी धरतात आणि गोळ्या सुधारल्याचे सांगतात. सुधारतात, हे खरे. काजळी उष्णता अडवते, म्हणून गार साच्यातही शिसे जरा उशिरा गोठते. पण तो थर पोकळीतली जागा खातो आणि गोळी तेवढी बारीक होते. म्हणजे काजळीने गुण आला, तर तो उष्णतेच्या निदानाचाच पुरावा ठरतो.

बुडाच्या बोथट कडेचे प्रकरण जरा गुंतागुंतीचे आहे. साच्याच्या माथ्यावर एक सरकती पट्टी असते, तिला स्प्रू प्लेट म्हणतात. तिच्या भोकातून शिसे आत जाते. ही पट्टी फार आवळलेली असेल, तर कोपऱ्यातली हवा बाहेर पडत नाही आणि जिथे हवा अडकली तिथे शिसे पोचत नाही. साच्याच्या दोन अर्धुकांच्या तोंडांवर हवेसाठी बारीक रेघा कोरलेल्या असतात. त्या जळक्या तेलाने बुजल्या तरी तेच होते. शिवाय गोठताना शिसे आकारमानात सुमारे साडेतीन टक्के आक्रसते. ही तूट भरून काढायला पट्टीवर शिशाचा उदार थेंब उरला पाहिजे. ओतणाऱ्याने तिथे कंजूषी केली किंवा थेंब गोठण्याआधीच पट्टी फिरवली, तर बुडात पोकळी राहते. यात साच्याचा काय दोष?

आणि शिसे तरी तेच कुठे राहिले आहे? काळ्या दारूच्या काळात वीस भाग शिशाला एक भाग कथिल किंवा त्याच्या आसपासचे मिश्रण चाले. कथिलाने रस पातळ वाहतो आणि कोपरे धरतो. छापखान्याच्या खिळ्यांचा धातू याच विद्येवर उभा होता. निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांत देवनागरीची बारीक वेलांटी तुटक न येता उतरे, तिच्यामागे शिशात मिसळलेले अँटिमनी आणि कथिल होते. लायनोटाइपच्या धातूत सुमारे चार टक्के कथिल आणि बारा टक्के अँटिमनी असे. तो शुद्ध शिशाच्या कितीतरी आधी, २४० अंशांच्या आसपास वितळतो. अमेरिकी हौशी मंडळी तो भंगारातून शोधून आणत. ऑफसेट आल्यावर तो साठा आटला, आणि मग टायरच्या चाकाला लावायची वजने वितळवण्याची चाल वाढली. त्या वजनांत आता जस्ताचीही असतात. जस्त ४१९ अंशांना वितळते. भांडे तेवढे तापले की ते शिशात मिसळते, रस पेजेसारखा दाट होतो आणि गोळी भरत नाही. आजोबांच्या साच्यात नातवाचे भंगार ओतायचे आणि दोष साच्याला द्यायचा, असा हा न्याय आहे.

लंबगोल गोळीच्या बाबतीत वाद घालण्याचीही गरज नाही. मायक्रोमीटर हातात घ्यावा. गोळीच्या दोन्ही अंगांना सांध्याची पुसट रेघ दिसते. एक माप रेघेपासून रेघेपर्यंत घ्यावे, दुसरे त्याला काटकोनात. दुसरे माप जास्त आले, तर अर्धुके पुरती मिटत नाहीत: तोंडावर शिशाचा कण चिकटलेला असतो किंवा पकडीचा सांधा अडखळतो. मिटलेला साचा उजेडासमोर धरला तर फटीतून प्रकाशाची रेघ दिसते. दुसरे माप कमी आले, तर कुणीतरी पूर्वी साच्याची तोंडे कानशीने घासली आहेत. आणि रेघेवर नख फिरवताना पायरी लागली, तर दोन्ही अर्धुके जुळवणाऱ्या खुंट्या ढिल्या आहेत.

म्हणजे अंगण खरोखरच वाकडे असल्याचीही उदाहरणे आहेत. खुंट्या आणि पकडीचे खिळे झिजतात. गंजाने पोकळीत खड्डे पडतात आणि ते गोळीवर टेंगळे होऊन उमटतात. गोळी सुटेना म्हणून कुणी साच्यावरच हातोडी मारली असेल, तर पोकळीच्या कडेला नख उठते आणि पुढची प्रत्येक गोळी तिथे अडकते. पितळी साच्याची गोष्ट आणखी वेगळी, कारण शिसे-कथिल हेच तर झाळण. पितळ फार तापले आणि स्वच्छ असले तर ते तिथे चिकटून बसू शकते. ही सारी इजा खरी आहे. पण खुंट्या-खिळ्यांची झीज सोडली तर ती हेळसांडीची आहे, वापराची नाही, आणि भिंगाखाली तिची जागा बोटाने दाखवता येते. ‘जुना आहे, झिजला असेल’ या मोघम विधानाला ती आधार देत नाही.

एक गैरसमज तर मापाचाच आहे. यादवी युद्धातल्या स्प्रिंगफील्ड बंदुकीची नळी ०.५८ इंचांची, तिच्या मिनिए गोळीच्या साच्यातून गोळी ०.५७५ च्या आसपास आली की लोक हळहळतात. अहो, ती मुद्दामच बारीक ठेवलेली आहे. नळीत सहज ठासली जावी आणि स्फोटाच्या दाबाने तिचे पोकळ बूड फुलून नळीला घट्ट बसावे, हीच तर त्या गोळीची युक्ती. तिच्या बुडाच्या पातळ कडा अपुऱ्या आल्या, तर पोकळी घडवणारी खुंटी बघावी. ती साच्याच्या बाहेर डोकावत असल्याने सर्वांत आधी गार होते आणि अर्धुके तापली तरी ती मागे राहते. दोन ओतण्यांच्या मधल्या वेळात तिला भांड्याच्या कडेशी टेकवून ठेवले तरी पुष्कळदा काम भागते.

राहता राहिली घासपूड. खडबडीत कड नेमक्या जागी हलक्या हाताने मोडणे वेगळे आणि सगळी पोकळी उजळणे वेगळे. पोकळी उजळली की ती मोठी होते, आणि ज्या झिजेचा आळ साच्यावर होता ती आता खरोखर घडते. गोळी जाड आली तर ती साइझिंग डायमधून दाबून बारीक करता येईल. पण तिचे बूड आधी बोथट होते ते तसेच राहते, कारण साचा अजून गारच असतो.