मोंबासातलं हॉटेल

वरवट बकालच्या स्टँडवर हॉटेल म्हणजे चहा, शेगाव कचोरी आणि बाकडं. मुक्काम करायचा तर लॉज शोधा. धाकट्या भावाला मोंबासात नोकरी लागली, तेव्हा आईला एकच घोर : राहील कुठं, खाईल काय? ती तिकिटाचे पैसे भरू देईना. म्हणून मी माहिती शोधायला बसलो आणि इतिहासात अडकलो.

केनियातही साध्या खाणावळीला ‘होटेली’च म्हणतात! दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, पोळीला चक्क ‘चपाती’. हे शब्द समुद्रावरून गेले. हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर शिडाची गलबतं तिकडं जायची, नैर्ऋत्य वाऱ्यावर परतायची. १८९६ साली मोंबासाहून रेल्वे बांधायला घेतली. त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले, बहुतेक पंजाबचे. मुक्काम तंबूत. सुमारे अडीच हजार परतलेच नाहीत, तिथंच मेले. तेव्हा तिकडं रुपया चालायचा. १९२० नंतर तो गेला, मग शिलिंग आलं. पुढं मुंबईहून ‘कंपाला’ आणि ‘करंजा’ या आगबोटी सुटायच्या. (आम्हा वऱ्हाड्यांना आठवतं ते कारंजा लाड!)

आता विमान आहे. पण निघण्याच्या निदान १० दिवस आधी पिवळ्या तापाची लस घ्यावी; दाखला नसेल तर परतल्यावर भारतात ६ दिवसांपर्यंत अलग ठेवतात.

हे सगळं आईला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, “चपाती भेटते ना तिथं? मंग भर पैसे.”