परदेशी पारपत्र आणि पुण्यातील सदनिका

परदेशी नागरिकत्व स्वीकारून तेथेच स्थायिक झालेल्या मराठी व्यक्तीला पुण्या-मुंबईत सदनिका घेता येते काय? येते, मात्र 'ओसीआय' कार्ड आवश्यक आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील २०१९च्या नियमांनुसार कार्डधारकास निवासी व व्यापारी मालमत्ता रिझर्व्ह बँकेच्या स्वतंत्र परवानगीविना खरेदी करता येते. शेतजमीन, फार्महाउस व मळ्याची जमीन मात्र वर्ज्य आहे. रक्कम बँकेमार्फत परदेशातून अथवा एनआरई, एनआरओ खात्यातून द्यावी. परकीय चलनी नोटा चालत नाहीत. कार्ड नसल्यास, जन्माने भारतीय असूनही, परदेशस्थ परकीय नागरिकास सर्वसाधारणपणे खरेदीस मनाई आहे; पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा तेवढा करता येतो. त्यामुळे बिल्डरला विसार देण्यापूर्वी कार्ड हाती असावे.