घाटावरचे की घाटाखालचे?

बुलढाणा जिल्ह्यात कुणी गाव विचारलं की पाठोपाठ हा प्रश्न येतोच. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली, पूर्णेच्या काळ्या मातीत. चिखली, मेहकर, लोणार घाटावर. वऱ्हाडाच्या जुन्या कागदपत्रांतले पयानघाट आणि बालाघाट ते हेच. मलकापूरकडून बुलढाण्याला चढायला राजूर घाट. खामगावकडून बोथा घाट, ज्ञानगंगा अभयारण्यातून. जुन्या मोटारसायकलींचा इतिहास सहसा कारखान्यांवरून सांगतात. मला तो या दोन घाटांवरून सांगायचाय, कारण अशा चढ-उतारांवर गाडीचा कस लागायचा आणि चालवणाऱ्याचाही.

कारखान्यांचं थोडक्यात उरकतो. १९५०च्या दशकात आयात आवळली गेली आणि परदेशी गाड्या इथे बनू लागल्या. १९५५ पासून मद्रासला एनफिल्ड. मुंबईत जावा आयात करणाऱ्या रुस्तम इराणींनी १९६१ मध्ये म्हैसूरला कारखाना सुरू केला. १९७३ पासून त्याच गाड्यांचं नाव येझदी झालं, इराणमधल्या याझ्द शहरावरून. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून आली. म्हणजे चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंडच्या रस्त्यांसाठी आखलेली यंत्रं वऱ्हाडात दुधाचे कॅन वाहू लागली. जाहिरातीत राजदूतवर धर्मेंद्र बसायचा, प्रत्यक्षात दूधवाला.

जावा, येझदी, राजदूत, तिन्ही टू-स्ट्रोक. व्हॉल्व्हची भानगड नाही. लिटरभर पेट्रोलला साधारण ४० मिली ऑइल टाकीतच मिसळायचं. तेच मिश्रण जळणार आणि तेच पिस्टनला वंगण देणार.

आता ही गाडी घाटात नेऊन बघा. मे महिना, डबलसीट, दुसरा गिअर. इंजिन तापतं, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला धरतो. गाडी जाम. मागचं चाक घसरायच्या आत क्लच दाबायचा, गाडी सावलीला लावायची आणि गप्प बसायचं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. उताराचं दुखणं मात्र छुपं आहे. उतरताना आपण रेस सोडून देतो, पण गिअरमुळे चाकं इंजिनाला फिरवतच राहतात. आत मिश्रण जवळजवळ जातच नाही, म्हणजे वंगणही नाही. वर चढताना वाचलेलं इंजिन खाली उतरताना जायचं ते असं. म्हणून जाणता चालवणारा मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस देतो. स्वीडनच्या साब कंपनीने आपल्या टू-स्ट्रोक मोटारींत याच कारणासाठी फ्रीव्हील बसवलं होतं: ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकं मोकळी आणि इंजिन निवांत. आपल्याकडे ते काम डाव्या हाताची चार बोटं करत.

तरीही बंद पडलीच, तर कारणं मुळात तीन. पेट्रोल येत नाही, ठिणगी पडत नाही, किंवा इंजिन दाब धरत नाही. मी पोटापाण्यासाठी कोडमधले बग शोधतो, त्यामुळे आधी लॉग वाचायची सवय. इथे लॉग म्हणजे स्पार्कप्लग. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. काळं आणि ओलसर असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त होतंय. पांढरं पडलं असेल तर पेट्रोल कमी पडतंय, इंजिन जळायच्या वाटेवर आहे. प्लगची फट मोजायला गेज नसला तर हॅकसॉचं पातं चालतं, जाडी सुमारे ०.६ मिलिमीटर. आणि पॉईंटचं टायमिंग लावायला सिगारेटच्या पाकिटातला कागद! तो दोन पॉईंटांच्या मध्ये धरायचा आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवायचं. कागद सुटला तो क्षण ठिणगीचा. मिस्त्री लोकांची ही विद्या मला कुठल्याही कारागिरीइतकीच मोठी वाटते.

आज ‘व्हिंटेज राईड’चे रील बघताना बंद पडणं हा मजेचा भाग वाटतो. तेव्हा तसं नव्हतं. नासलेलं दूध कुणी विकत घेत नाही. टूलबॉक्समध्ये जास्तीचा प्लग, पॉलिश पेपर, क्लचची केबल आणि चेनलॉक असायचं ते हौसेपोटी नाही. पावसाळ्यात घाटाखालच्या काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये भरला की चाक फिरायचंच थांबतं, तेव्हा बाभळीची काटकी हेच हत्यार.

म्हणूनच १९८५ मध्ये चार-स्ट्रोक हिरो होंडा सीडी १०० आली, तिचा लिटरला ८० किलोमीटरचा दावा ऐकून लोकांनी पाठ फिरवली असती तर नवल होतं. ऑइल मिसळायला नको, प्लग घासायला नको. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. हळूहळू पॉईंटची जागा सीलबंद सीडीआयने घेतली. ते बिघडलं तर फक्त बदलायचं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि गाडीत सेन्सर, त्यांच्यामागे सॉफ्टवेअर. गंमत बघा, गाडी माझ्या धंद्यात आली आणि माझ्या हातातून गेली. तो कोड मला उघडता येत नाही. सिगारेटचा कागद मात्र धरता येतो, कारण तो कसा धरायचा ते चिखलीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी माझा अंगठा दाबून शिकवलं. त्यांच्या गॅरेजमधली पोरं स्कॅनरवर शिकतात. त्यांना पॉईंट शिकवून पोट कोण भरणार?

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो या जिल्ह्यातून जातो, पण दुचाकींना त्यावर बंदी आहे. त्यामुळे जुनी येझदी मेहकरहून जुन्याच रस्त्याने निघते: सुलतानपूर, बिबी, दुसरबीड, सिंदखेड राजा. वाटेत बंद पडलीच, तर चहाच्या टपरीवर पन्नाशी-साठीतला कुणीतरी उठून येतो, न विचारता प्लगची कॅप काढतो आणि म्हणतो, “मार किक.”