चारठाण्याचा रिठा
चारठाण्याची जुनी देवळं पाहायला पाहुणे आले की मी त्यांना रिठ्याचीही गोष्ट सांगते. गावाचा इतिहास दगडात आहे, तसा धुण्यातही आहे.

आजी रिठ्याच्या बिया काढून टरफलं रात्रभर भिजवायची, सकाळी कुस्करून गाळायची. पाणी जास्त झालं की फेस बसायचा, मळ तसाच राहायचा. पण दुप्पट रिठे घालून लुगडं दुप्पट स्वच्छ होत नसे. "पुरे गं बाई, आता नुसती नासाडी," ती आईला म्हणायची.

तिचा अंदाज अचूक होता. रिठ्यातली सॅपोनिनं आधी पाण्याच्या पृष्ठभागावर दाटी करतात, त्याचा ताण उतरवतात. तिथं जागा उरली नाही की रेणू पाण्यातच पुंजके करतात आणि तेलकट मळ त्यांच्या पोटात शिरतो. ज्या संहतीला हे पुंजके होऊ लागतात, तिच्यापुढं ताण फारसा उतरत नाही. साबणाच्या पाण्यात असे पुंजके असतात, हे जेम्स मॅकबेन यांनी १९१३ मध्ये मांडलं. शाम्पूतल्या सोडियम लॉरिल सल्फेटची ही सीमा शुद्ध पाण्यात लिटरला साधारण २.३ ग्रॅम.

सनलाइट साबण १८८८ मध्ये कलकत्त्यात उतरला. आमच्याकडं साबण आला तरी विहिरीच्या जड पाण्यात त्याचा साका व्हायचा. कॅल्शियम-मॅग्नेशियम साबण खाऊन टाकतात. रिठ्याला तो त्रास फारसा नाही. शिवाय साबण अल्कधर्मी, रेशमाला बाधणारा. म्हणून आजीची पैठणी शेवटपर्यंत रिठ्यातच धुतली गेली.