संगीतविद्यार्थ्यांचा सभाधीटपणा

आमच्या नायगांवीं खाडीच्या कांठच्या भजनांत सात-आठ वर्षांचा मुलगा टाळ घेऊन उभा राहतो आणि दहा माणसांच्या आवाजांत आपला आवाज बेधडक मिसळून देतो. तोच मुलगा पुढें संगीताच्या वर्गांत जाऊन चार राग शिकला आणि त्याला व्यासपीठावर एकट्याला बसविलें, कीं त्याचा घसा कोरडा पडतो, सम हुकते, आणि तोंडपाठ असलेली बंदिशही आठवेनाशी होते. शाळेच्या संमेलनांतून हा प्रकार मीं अनेकदां पाहिला आहे. ज्ञान वाढलें आणि धीर मात्र गेला, असें कां व्हावें? ह्याचें उत्तर मला आपल्या महाराष्ट्रांतील संगीतशिक्षणाच्या इतिहासांत सांपडतें.

जुन्या गुरुकुलांत सभाधीटपणा हा निराळा विषयच नव्हता. शिष्य वर्षानुवर्षें गुरूच्या घरीं राही, पडेल तें काम करी, आणि मैफलींत गुरूच्या मागें तंबोरा घेऊन बसे. गुरु दम घेण्यासाठीं थांबला कीं शिष्यानें स्वर भरावयाचा. गुरूची खूण झाली तर एखादी तानही घ्यावयाची. श्रोत्यांची नजर गुरूवर असल्यामुळें शिष्याची चूक झांकली जाई. अशा अनेक बैठकी पाठीशीं असल्यावर पुढें बसण्याची पाळी आली, तरी त्या जागेचें भय वाटत नसे. रीत उत्तम खरी, पण ती भाग्यवंतांपुरती. गुरूची मर्जी फिरली, तर शिष्य जन्मभर मागेंच!

दुसरी शाळा नाटकमंडळ्यांची. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला, आणि गोड गळ्याच्या मुलांना रंगभूमीची वाट मोकळी झाली. तेथें धीर लवकर येई. पण ती शाळा निर्दयही होती. भास्करबुवा बखले लहानपणीं किर्लोस्कर मंडळींत गात असत. वयांत येतांना त्यांचा आवाज फुटला आणि मंडळींतील त्यांची किंमत गेली. दुसरा एखादा मुलगा तेथेंच संपला असता. भास्करबुवांनीं बडोद्यास फैज महंमदखांपाशीं, पुढें नथ्थनखां व अल्लादियाखां ह्यांच्यापाशीं, नव्यानें विद्या मिळविली. १९११ सालीं पुण्यांत भारत गायन समाज स्थापिला. आणि बालगंधर्वांना गाण्याची तालीम दिली.

परंतु ह्या कामाला संस्थेचें रूप दिलें तें विष्णु दिगंबर पलुसकरांनीं. लहानपणीं फटाक्याच्या दारूनें त्यांचे डोळे अधू झाले, म्हणून मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं ते गाणें शिकूं लागले. त्यांच्या चरित्रांत एक गोष्ट सांगतात. मिरजेंतील एका समारंभाचें आमंत्रण विष्णुबुवांना आलें, पण त्यांच्या गुरूंना आलें नाहीं. विचारतां उत्तर मिळालें, कीं गवयाला कशाला बोलवावयाचें! गवयाच्या भित्रेपणाचें मूळ मला येथें दिसतें. ज्या सभेंत आपल्याला मान नाहीं, त्या सभेंत ताठ बसणार कसें?

१८९६ सालीं विष्णुबुवा मिरजेहून निघाले, आणि ५ मे १९०१ रोजीं लाहोरास त्यांनीं गांधर्व महाविद्यालय उघडलें. एका राजाच्या मर्जीवर न विसंबतां लोकांच्या मदतीवर ही संस्था चालावी, असा त्यांचा बेत होता. १९०८ सालीं मुंबईसही विद्यालय सुरू झालें. तेथें विद्यार्थ्यांनीं एकत्र प्रार्थना म्हणावी, बुवांबरोबर गांवोगांव जाऊन जलशांत गावें, अशी पद्धत होती. शिवाय उपदेशक वर्गांतील विद्यार्थ्यांना पुढें शिक्षक व्हावयाचें असे. मास्तरकींत जन्म गेल्यामुळें ह्या शेवटच्या योजनेचें मोल मला विशेष वाटतें. चाळीस मुलांच्या ऐंशी डोळ्यांपुढें रोज उभें राहावें लागलें, म्हणजे सभेचें भय फार दिवस टिकत नाहीं. विद्यालयांतून गवई निर्माण होत नाहींत, असा आक्षेप तेव्हांही होता आणि आजही आहे. त्याला ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास हीं तीन नांवें पुरेशीं आहेत.

ह्यांपैकीं विनायकरावांत दोन्ही शाळा एकत्र आल्या. लाहोरास ते विष्णुबुवांचे विद्यार्थी. १९२२ पासून गंधर्व नाटक मंडळींत गायक नट. आणि १९३१ सालीं गुरूंचा अंत झाल्यावर रंगभूमी सोडून १९३२ च्या मे महिन्यांत पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढणारे शिक्षक. मुलींच्या बाबतींत वाट अधिकच अवघड होती. १९२१ सालीं मुंबईस विष्णुबुवांच्याच विद्यालयाच्या परिषदेंत तरुण हिराबाई बडोदेकरांनीं जाहीरपणें गायिलें, ही घटना लहान नव्हे.

उलट उदाहरणही आहे. प्रो. बा. र. देवधरांनीं १९२५ सालीं मुंबईंत संगीतशाळा काढली व आवाजाच्या शास्त्राचा कसून अभ्यास केला. त्यांच्याकडे आलेला बाल कुमार गंधर्व मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन सभा जिंकीत असे. त्याला धीर शिकवावयाचा नव्हता. स्वतःचें गाणें शोधावयास शिकवावयाचें होतें. दूरदर्शनच्या स्पर्धांत टाळ्या घेणारीं मुलें पाहिलीं, कीं मला देवधर मास्तरांची आठवण होते.

विष्णुबुवांच्या शिष्यांनीं १९३१ सालीं स्थापिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या वरच्या परीक्षांत आतां मंचप्रदर्शनही असतें. तें योग्यच आहे. पण पुष्कळांना मंच प्रथम भेटतो तो परीक्षेच्याच दिवशीं. मागची ती जागा मधल्या काळांत नाहींशी झाली. तंबोऱ्याचें काम आतां यंत्र करतें, तेंही खिशांत मावणारें. त्याची सोय मी नाकारीत नाहीं. नायगांवाहून दादरपर्यंत सकाळच्या लोकलनें दोन तंबोरे नेऊन पाहावे, म्हणजे कळेल! तथापि यंत्र आलें आणि तंबोऱ्यामागें बसणारा शिष्य उठून गेला. गेल्या गणेशोत्सवांत आमच्या आळींत एका शिक्षिकाबाईंनीं यंत्र चालू ठेवून आपल्यामागें दोन मुली बसविल्या. एकीच्या हातीं तंबोरा होता. दुसरी नुसता षड्ज धरून होती. तिसऱ्या दिवशीं त्यांतल्या धाकटीनें एकटीनें भूप गायिला, आणि सम चुकली नाहीं.