संख्यावाचक शब्द आणि त्यांची क्रियापदे : खानदेशातील काही ऐतिहासिक पुरावे

इंग्रजी शिकविताना एक अडचण वारंवार येते. 'टेन माइल्स इज अ लाँग वे' हे वाक्य फळ्यावर लिहिले की वर्गातील चौकस विद्यार्थी हटकून विचारतो, मैल दहा असताना क्रियापद एकवचनी का? उत्तर सोपे आहे. इंग्रजी भाषा तेथे दहा मैल मोजीत नाही. एक अंतर पाहते. मराठीत मात्र 'दहा मैल लांब पडतात' असेच म्हणावे लागते. संख्येशी क्रियापद कसे जुळवून घेते, हा प्रश्न एरवी व्याकरणकारांच्या स्वाधीन केला जातो. परंतु संख्येबरोबर कोणते क्रियापद येते, हा प्रश्न निव्वळ व्याकरणाचा नाही. त्यात मापे, बाजार, कालगणना आणि राज्यसत्ता यांचा इतिहास साठलेला असतो. प्रस्तुत लेखात त्याचे तीन पुरावे तपासावयाचे आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचा, म्हणजे 1906 साली दोन भागांत विभागल्या गेलेल्या जुन्या खानदेशाचा, संदर्भ मुद्दाम घेतला आहे.

प्रथम वेळेचे क्रियापद घेऊ. इंग्रजीत वेळ सांगताना 'इट इज' असा आरंभ होतो. तेथील 'इट' हा कर्ता नावापुरताच. तो कोण, हे कोणालाही सांगता येत नाही. मराठीत 'पाच वाजले' म्हणताना संख्या स्वतःच कर्ता होते, आणि ती वाजते. अहिराणीत 'पाच वाजनात' म्हणतात. प्रत्यय निराळा, धातू तोच. आता पाच हा आकडा वाजतो म्हणजे काय? याचे उत्तर 'तास' या शब्दात आहे. मूळ अरबी 'तास' म्हणजे वाटी किंवा पात्र. मोल्सवर्थच्या कोशात तासाचा अर्थ ठोके देण्याची काशाची थाळी असाही दिला आहे. घटिकापात्र पाण्यात बुडाले की पहारेकरी त्या थाळीवर ठोके देई. बाबराने आपल्या आत्मवृत्तात हिंदुस्थानातील या घडियालांचे वर्णन केले आहे. घटकांच्या ठोक्यांवरून कोणता प्रहर चालू आहे हे कळत नसे, म्हणून प्रहराचेही ठोके मागून द्यावेत असा हुकूम आपण दिला, असे तो नमूद करतो. यावरून असे दिसते की, 'वाजले' हे क्रियापद विलायती घड्याळाने आणलेले नसून घड्याळ येण्यापूर्वीच भाषेत त्याची जागा तयार होती. 'घड्याळ' हा शब्दही मुळात त्या थाळीचाच.

येथे वचनाची एक गंमत नोंदविण्यासारखी आहे. पाऊण वाजला, एक वाजला, सव्वा वाजला, दीड वाजला. परंतु पावणेदोन वाजले. वास्तविक पावणेदोन हे दोनांहून कमीच. तेव्हा येथे क्रियापद राशीला अनुसरत नाही, शब्दाला अनुसरते. 'दोन' हा शब्द उच्चारला गेला की अनेकवचन आलेच. इंग्रजीत दीड तासालाही अनेकवचनी नाम लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांच्या चुका अज्ञानाच्या नसून दुसऱ्या नियमाच्या निष्ठेच्या आहेत, हे पटेल. परीक्षकांनी निदान एवढी सहानुभूती दाखवावी.

'वाजणे' सर्वत्र पोहोचण्यापूर्वी काळाची क्रियापदे अनेक होती. पेशवाईतील कागदपत्रांत प्रहर दिवस चढतो, चार घटका दिवस येतो किंवा राहतो, दोन घटका रात्र जाते. ही सर्व क्रियापदे सूर्याच्या गतीची आहेत. थाळीच्या आवाजाची नव्हेत. 1860 नंतर आगगाडी खानदेशातून धावू लागली तेव्हा या दोन कुळांत अंतर पडले. रेल्वे पुढे मद्रासच्या वेळेवर चालू लागली, आणि रेखांशाच्या हिशेबाने ती वेळ जळगावच्या सूर्याच्या सुमारे 19 मिनिटे पुढे होती. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली. तिच्या मागे जळगावचा मध्यान्ह सुमारे 28 मिनिटे आणि धुळ्याचा सुमारे 31 मिनिटे राहतो. म्हणजे स्थानकावर बारा वाजले तरी शेतावर दोन प्रहर झालेले नसत. वाजणारी संख्या आणि चढणारा दिवस यांचा मेळ कायमचा तुटला. त्यानंतर हळूहळू चढणाऱ्या दिवसाची क्रियापदे संख्यांना सोडून गेली. आज दिवस नुसता वर येतो, किती घटका ते कोणी सांगत नाही.

दुसरा पुरावा याहून पुष्कळ जुना. चाळीसगावजवळील पाटण येथील शके 1128 चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला, व निकुंभवंशीय सोइदेवाने त्यास उत्पन्न लावून दिले. लेखाचा बहुतेक भाग संस्कृत आहे. परंतु प्रत्यक्ष उत्पन्नाचा तपशील आला की भाषा मराठी होते. हा बदल सहेतुक मानला पाहिजे. प्रशस्ती पंडितांसाठी होती. घाण्याला किती तेल आणि गिऱ्हाइकाकडून किती सुपाऱ्या, हे मात्र तेल्याला आणि व्यापाऱ्यालाच कळावयाचे होते. दामाचा 'वीसोवा', म्हणजे विसावा भाग, असा उल्लेख त्यात येतो. लीलावतीच्या आरंभीच्या परिभाषेत वीस कवड्यांची एक काकिणी सांगितली आहे. ग्रंथातले आणि हाटातले वीस येथे एकाच मठाच्या दारात भेटतात.

या लेखातील क्रियापदे दोन प्रकारची आहेत. जे दिले गेले त्यासाठी 'दीन्हला', 'दीन्हली' ही भूतकाळाची रूपे. आणि मापासाठी एकाच धातूची 'मविजे' व 'मवावें' अशी जोडरूपे. पहिले रूप जे मापले जाईल त्याचे, दुसरे ते कसे मापावे याच्या आज्ञेचे. आणि आज्ञा अशी की माप मठाचेच असावे. संख्या लहान असो वा मोठी, तिला अर्थ येतो तो माप कोणाचे यावरून, आणि हे ज्याने लेख लिहविला त्याला पक्के ठाऊक होते. माप करणाऱ्याचा वाटाही लेखात ठरवून दिलेला आहे. त्याला तेथे 'मापहारी' म्हटले आहे. आजच्या बाजार समितीच्या आवारातील मापाडी त्याचाच वारस होय. 'मवणे' हा धातू मात्र शिष्ट मराठीतून मागे पडला व 'मोजणे' त्याच्या जागी बसले.

धातूंच्या अशा वंशावळी शोधण्याचे काम राजवाड्यांनी आयुष्यभर केले. 31 डिसेंबर 1926 रोजी त्यांचा अंत धुळ्यातच झाला, आणि त्यांचा धातुकोश 1937 मध्ये तेथील राजवाडे संशोधन मंडळाने प्रसिद्ध केला. त्यांच्या व्युत्पत्तींविषयी मतभेद पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखकाला उणीव वाटते ती वेगळीच. धातुकोशात धातू एकटा उभा असतो. बाजारात तो संख्येच्या सोबतीने फिरतो, आणि त्याचे चरित्र त्या सोबतीतच कळते.

तिसरा पुरावा सर्वांच्या तोंडचा आहे : पाचावर धारण बसणे. आज याचा अर्थ फार घाबरणे एवढाच उरला आहे. परंतु 'धारण' म्हणजे धान्याचा चालू भाव. जुन्या व्यवहारात रुपया स्थिर धरून त्याला किती धान्य, असा भाव सांगत. त्यामुळे आकडा जितका लहान, तितकी महागाई मोठी. धारण उतरत उतरत पाचावर येऊन बसली की लोकांची गाळण उडे, अशी या प्रयोगाची उपपत्ती देतात व ती ग्राह्य वाटते. 'बसणे' हे क्रियापदही विचारपूर्वक आलेले आहे. चढणाऱ्या वा उतरणाऱ्या भावात हालचाल आहे, म्हणून आशा आहे. बसलेला भाव हलत नाही. होळकरांच्या फौजांनी मुलूख उद्ध्वस्त केल्यानंतर 1803–04 साली पडलेला दुष्काळ आणि पुढे 1899–1900 चा दुष्काळ खानदेशाने सोसला आहे. अशा प्रदेशात या क्रियापदाचा भार वेगळा सांगावयास नको.

पुढे भाव सांगण्याची दिशाच उलटली. माप स्थिर झाले व रुपये हलू लागले. 1956 च्या वजनमापांच्या कायद्याने, 1 एप्रिल 1957 च्या दशमान नाण्यांनी आणि 1958 पासून आलेल्या मेट्रिक वजनांनी शेर, पायली व आणा यांबरोबर जुन्या धारणेचे गणितही व्यवहारातून काढून टाकले. आता महागाई वाढली की आकडा वाढतो. म्हणूनच विद्यार्थ्याला पाच हा आकडा भीतीचा का, हे उमगत नाही, आणि काही हौशी व्युत्पत्तिकार पंचप्राणांकडे धाव घेतात. त्यांना एखाद्या जुन्या अडत्याच्या वहीत रुपयाला किती शेर लिहिले आहे ते पाहावयास सांगितले, तर बराचसा वाद तेथेच मिटेल. चोपडा, अमळनेर, शिरपूर या पेठांतील घराण्यांकडे अशा वह्या अजून निघण्याचा संभव आहे. त्या रद्दीत जाण्यापूर्वी पाहिल्या जाव्यात.